संघ परके, गप्पा घरच्या

फुटबॉलच्या विश्वचषकात भारताचा पुरुष संघ आजवर एकदाही मैदानात उतरलेला नाही. तरीही दर चार वर्षांनी कोलकाता शहर महिनाभर रात्र रात्र जागतं, भांडतं, रडतं आणि पुन्हा चहा मागवतं. हे वेड नेमकं कशाचं?

उत्तर कोलकात्यातल्या बागबाजार-श्यामबाजारच्या जुन्या गल्ल्यांत घराच्या दारालगत रस्त्याच्या बाजूला एक अरुंद ओटा असतो. बंगालीत त्याला 'रोवाक' म्हणतात. बोलता बोलता त्याचा 'रॉक' होतो. हिरव्या झडपांच्या उंच खिडक्या, वर लोखंडी कठड्याची गॅलरी आणि खाली हा ओटा, अशी या घरांची ठेवण. दुपारी त्यावर एखादं मांजर झोपलेलं असतं. पण संध्याकाळ झाली, की तिथे माणसं जमू लागतात. कुणी ऑफिसातून घरी न जाता थेट इथेच टेकतो, कुणी निवृत्त गृहस्थ पंचा खांद्यावर टाकून येतो, कुणी कॉलेजचा मुलगा पायरीवर बूड टेकवतो. यालाच बंगाली माणूस 'अड्डा' म्हणतो. मराठीत या शब्दाला जरा वाईट वास आहे. दारूचा अड्डा, जुगाराचा अड्डा! बंगालीत मात्र अड्डा म्हणजे काहीही साध्य करायचं नाही, हे आधीच ठरवून मारलेल्या निवांत गप्पा.

एरवी या गप्पांना विषयांची वाण नसते. राजकारण, सिनेमा, माशांचे भाव, कुणाच्या मुलीचं लग्न. पण विश्वचषकाचा महिना उजाडला, की बाकीचे सगळे विषय हद्दपार होतात. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पताका लागतात. निम्म्या पिवळ्या-हिरव्या, निम्म्या निळ्या-पांढऱ्या. भिंतींवर मेस्सी आणि नेमार यांची चित्रं चढतात. एस्प्लनेडजवळच्या मैदान मार्केटमध्ये जर्सी घ्यायला झुंबड उडते. मिठाईवाले चषकाच्या आकाराचं संदेश करून काचेच्या कपाटात मांडतात. पाड्याच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या क्लबात कॅरमचा बोर्ड भिंतीला लावून ठेवला जातो आणि त्या जागी टीव्ही येतो. कोपऱ्यावरचा चहावाला रात्रभर दुकान उघडं ठेवतो. मातीच्या कुल्हडातला लिंबाचा चहा आणि कागदाच्या पुड्यातली झालमुडी एवढ्या शिदोरीवर पहाट होते.

काकू, तुमची टीम कोणती?

या मैफलीत वयाचा मान असतो, पण मताला वय नसतं. पंधरा वर्षांचा पोरगा सत्तरीच्या माणसाला बेधडक विचारतो, "काकू, तुमची टीम कोणती?" मराठी पाहुणा इथे हमखास गडबडतो. कारण बंगालीत 'काकू' म्हणजे काका! काकूला म्हणतात 'काकिमा'. वडिलांचे थोरले भाऊ ते 'जेठू', थोरल्या भावाची बायको ती 'बौदी', आणि बाकी सारं जग 'दादा'. गॅलरीत उभी असलेली बौदी खाली ओट्यावरच्या पंडितांना ओरडून सांगते, की पेनल्टी होतीच, रेफ्री आंधळा नव्हता, तुम्हीच आंधळे आहात. खालून उत्तर येतं, वरून प्रत्युत्तर जातं. समोरच्या घरातले जेठू खिडकीतून आपलं मत टाकतात. थोड्याच वेळात अख्खी गल्ली एका सामन्यात उतरलेली असते.

या गप्पांचे काही अलिखित नियम आहेत. पहिला, तटस्थ राहता येत नाही. 'चांगला खेळेल तो जिंकावा' असं म्हणणाऱ्याला इथे फारसा भाव मिळत नाही. दुसरा, संघ बदलता येत नाही. आपला संघ हरला म्हणून दुसऱ्याच्या मागे लागणारा माणूस वर्षानुवर्षं चेष्टेचा विषय होतो. तिसरा, हरलेल्या बाजूचा चहा जिंकलेल्या बाजूने पाजायचा. आधी पोटभर चिडवून घ्यायचं आणि मग कुल्हड हातात द्यायचं, असा हा रिवाज.

क्लब वारशाने, देश मर्जीने

हे सारं समजायचं तर कोलकात्यातली मूळची फाळणी समजून घ्यावी लागते. पश्चिम बंगालचे मूळ रहिवासी ते 'घोटी' आणि पूर्व बंगालमधून आलेले ते 'बांगाल'. घोटींचा क्लब मोहन बागान, 1889 साली स्थापन झालेला. बांगालांचा क्लब ईस्ट बंगाल, 1920 सालचा. 1947 च्या फाळणीनंतर पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे आले. जादवपूर-बिजयगडच्या बाजूला त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. घर गेलेल्या, गाव गेलेल्या त्या माणसांना लाल-पिवळ्या रंगाच्या त्या क्लबात आपलं हरवलेलं नाव सापडलं. म्हणून मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल हा सामना नुसता खेळ राहिला नाही. मोहन बागान जिंकलं, की बाजारात कोळंबीचा भाव चढतो. ईस्ट बंगाल जिंकलं, की इलिश माशाचा! 13 जुलै 1997 रोजी साल्ट लेक स्टेडियमवर झालेल्या फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला 1 लाख 31 हजारांहून जास्त माणसं आली होती. बायचुंग भुतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बंगालने 4-1 असा विजय मिळवला.

या वेडाला काळी बाजूही आहे. 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन क्लबांच्या सामन्यात प्रेक्षकांत मारामारी आणि चेंगराचेंगरी झाली. 16 प्रेक्षक प्राणाला मुकले. कोलकाता हा दिवस अजून विसरलेलं नाही. दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ तो पाळला जातो.

तर क्लब हा असा रक्तातून येतो. बापाचा तो मुलाचा. त्यात निवड नसते. विश्वचषकातला संघ मात्र ज्याचा त्याने निवडायचा! ब्राझीलला घोटी-बांगाल ठाऊक नाही, अर्जेंटिनाला इलिश आणि कोळंबीतला फरक कळत नाही. त्यामुळे या एका महिन्यात शहराची जुनी रेघ पुसली जाते आणि नवी रेघ थेट घराच्या मधून जाते. बाप ब्राझीलचा, मुलगा अर्जेंटिनाचा, सासू ब्राझीलची, तर सून हट्टाने जर्मनीची. मोहन बागानवाला आणि ईस्ट बंगालवाला, जे एरवी डर्बीच्या दिवशी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत, ते एकाच निळ्या-पांढऱ्या झेंड्याखाली खांद्याला खांदा लावून बसतात. या वेडाचं पहिलं गुपित हेच आहे. परक्याच्या संघामुळे घरातली आणि गल्लीतली माणसं नव्याने वाटली जातात, आणि नव्याने जोडलीही जातात.

आधी पेले, मग मॅराडोना

ब्राझीलची लागण आधी झाली. टीव्ही नव्हता, तेव्हा पेले हे नाव वर्तमानपत्रांतून आणि सिनेमागृहातल्या बातमीपटांतून आलं. 1958, 1962 आणि 1970 असे तीन विश्वचषक जिंकणारा हा सावळा, गरीब घरातला मुलगा बंगाली मनाला आपला वाटला. फुटबॉल कानांनी पाहायची सवय या शहराला होतीच. आकाशवाणीवरून अजय बसू, पुष्पेन सरकार, कमल भट्टाचार्य यांचं बंगाली समालोचन सुरू झालं, की पानाच्या ठेल्याभोवती गर्दी व्हायची. त्याहीआधी, 29 जुलै 1911 रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा 2-1 असा पराभव करून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा मैदानाजवळ पोहोचू न शकलेल्या गर्दीला गोल कळावेत म्हणून पतंग उडवले गेले, असं सांगतात. मोहन बागानच्या त्या 11 जणांपैकी 10 जण अनवाणी खेळले होते. गोऱ्यांचा पराभव बातमी बनून तोंडोतोंडी गावोगाव गेला. फुटबॉलची गोष्ट सांगणं आणि ऐकणं, याची गोडी कोलकात्याला तेव्हापासूनची.

24 सप्टेंबर 1977 रोजी पेले स्वतः ईडन गार्डन्सवर उतरला. न्यूयॉर्कचा कॉसमॉस संघ विरुद्ध मोहन बागान. मैदान पावसाने ओलं झालं होतं. मोहन बागानकडून श्याम थापा आणि महंमद हबीब यांनी गोल केले आणि सामना 2-2 असा बरोबरीत सुटला. पेलेच्या संघाला आपल्या मुलांनी रोखलं, ही गोष्ट ओट्यांवर पुढची कित्येक वर्षं पुरली.

मग आला टीव्ही. 1982 च्या विश्वचषकाचे अखेरचे मोजके सामने दूरदर्शनवर दिसले आणि 1986 साली मेक्सिकोतला विश्वचषक घराघरांत पोहोचला. तिथल्या भर दुपारचा सामना भारतात रात्री साडेअकराला सुरू व्हायचा. टीव्ही मोजक्याच घरांत होते. ज्याच्याकडे असेल, त्याच्या दिवाणखान्यात चपलांचा ढीग पडायचा. त्या काळात कोलकात्याला लोडशेडिंगने ग्रासलं होतं. सामन्याच्या मध्येच वीज जाऊ नये म्हणून नवस बोलले जात. 22 जूनच्या रात्री इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाने आधी हाताने गोल केला आणि चार मिनिटांनी निम्मं मैदान एकट्याने पार करून दुसरा. एक गोल लबाडीचा, दुसरा देवाघरचा! इंग्रजांचं राज्य सोसलेल्या शहराला दोन्ही आवडले. त्या रात्री कोलकात्याच्या गल्लीत अर्जेंटिना नावाचा नवा पक्ष जन्माला आला.

मैदानातल्या गॅलऱ्या तोवर बहुतांशी पुरुषांच्याच होत्या. टीव्हीने खेळ घरात आणला आणि घरातल्या बायकांना तो बसल्या जागी पाहता आला. आज पन्नाशी-साठीच्या असलेल्या कितीतरी बंगाली स्त्रिया मॅराडोनाच्या निमित्ताने फुटबॉलच्या नादी लागल्या. ऑफसाइडचा नियम त्या आता नातवंडांना समजावून देतात.

जुने हिशेब, नव्या रात्री

विश्वचषकाच्या सामन्याला मध्यंतराची पंधरा मिनिटं असतात. ओट्यावर त्या पंधरा मिनिटांत चाळीस वर्षांचा हिशेब मांडला जातो. ब्राझीलवाला 1982 च्या झिको आणि सॉक्रेटिसच्या संघाचं नाव काढतो आणि उसासा टाकतो. त्याच्या मते तसा सुंदर खेळ पुन्हा झाला नाही. अर्जेंटिनावाला शांतपणे विचारतो, की मग इटलीच्या पाओलो रॉसीने तीन गोल ठोकले तेव्हा तो सुंदर खेळ कुठे गेला होता? ब्राझीलवाला 2002 ची आठवण करून देतो; रोनाल्डोचे अंतिम सामन्यातले दोन गोल, पाचवा विश्वचषक. अर्जेंटिनावाला 1990 सालच्या तुरिनच्या सामन्यावर येतो. त्या दिवशी सगळा सामना ब्राझील खेळलं, आणि मॅराडोनाच्या एका पासवर कॅनिजियाने गोल करून त्यांना घरी पाठवलं. यावर मग मॅराडोनाचा 1994 चा उत्तेजकांचा प्रकार बाहेर निघतो. आवाज चढतात. चहावाला मध्ये पडून सांगतो, की मध्यंतर संपलं.

8 जुलै 2014 चा उपांत्य सामना भारतात मध्यरात्रीनंतर दीड वाजता सुरू झाला. जर्मनीने ब्राझीलला ब्राझीलच्याच भूमीवर 7-1 असं धुतलं. पहिल्या अर्ध्या तासातच पाच गोल झाले होते. ओट्यांवरची ती रात्र अजून सांगितली जाते. पहिल्या दोन गोलांवर अर्जेंटिनावाले नाचले, पाचव्यावर गप्प झाले. चिडवायचीही एक मर्यादा असते. शेजाऱ्याच्या घरी काही वाईट घडावं, तसे ते ब्राझीलवाल्याजवळ जाऊन बसले. पाचच दिवसांनी अंतिम सामन्यात जर्मनीने अर्जेंटिनालाही हरवलं, आणि मग ब्राझीलवाले त्यांच्याजवळ येऊन बसले.

2022 साली कतारमधल्या वेळा भारताला सोयीच्या होत्या. 22 नोव्हेंबरला सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला 2-1 असं हरवलं, तेव्हा इथे नुकतीच संध्याकाळ झाली होती. चिडवायला अख्खी रात्र मोकळी मिळाली. 9 डिसेंबरला क्रोएशियाने ब्राझीलला पेनल्टीवर बाहेर काढलं आणि उसने फेडले गेले. 18 डिसेंबरच्या रविवारी साडेआठला अंतिम सामना सुरू झाला. अर्जेंटिना आणि फ्रान्स 3-3, मग पेनल्टीवर अर्जेंटिना 4-2. मेस्सीच्या हातात चषक आला आणि कोलकात्यात फटाके फुटले, ढोल वाजले. 1986 साली दहा-बारा वर्षांचा असलेला माणूस 2022 मध्ये पन्नाशीला टेकला होता. इतकी वर्षं तो एका परक्या देशाच्या विजयाची वाट पाहत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तर त्यात नवल काय?

कोलकाता एकटं नाही

हे वेड भारतात आणखी काही ठिकाणी आहे. केरळात कोझिकोडजवळच्या पुल्लावूर गावातल्या चाहत्यांनी 2022 साली छोट्या नदीच्या पात्रात मेस्सीचा 30 फुटी पुतळेवजा फलक उभा केला. ब्राझीलवाल्यांनी शेजारी 40 फुटी नेमार उभा केला. मग पोर्तुगालवाले त्याहून उंच रोनाल्डो घेऊन आले. नदीतले ते तिघे जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. गोव्यात साडेचारशे वर्षांच्या नात्यामुळे पोर्तुगालला आणि भाषेच्या धाग्याने ब्राझीलला मान आहे.

आणि कोल्हापूर? शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने पाहत वाढलेल्या वाचकाला कोलकात्याच्या ओट्यावर मुळीच परकं वाटणार नाही. तिथला पाडा म्हणजे इथली पेठ, तिथला क्लब म्हणजे इथली तालीम. विश्वचषकात कोल्हापूरच्या पेठांतही ब्राझील, अर्जेंटिना आणि जर्मनीचे फलक समोरासमोर उभे राहतात. चहाच्या जागी फार तर मिसळ येते, एवढाच फरक.

रात्री दोनचा प्रश्न

सामना संपतो. टीव्ही बंद होतो. तरुण पोरं मोटारसायकली काढून घरी जातात. ओट्यावर दोन-चार जुनी खोडं उरतात. आणि मग जवळपास दर वेळी, कुणीतरी तो प्रश्न विचारतंच. आपलं काय? आपण कधी?

या प्रश्नाला कोलकात्यात एक जुनी जखम आहे. 1950 साली ब्राझीलमधल्या विश्वचषकात भारताला जागा मिळाली होती. गटातले इतर संघ माघार घेऊन बसले होते; नुसतं जायचं होतं. भारत गेला नाही. बूट घालायची सक्ती होती म्हणून, अशी गोष्ट शाळेतली मुलंही सांगतात. खरं कारण त्याहून साधं आणि जास्त दुःखाचं आहे. फुटबॉल संघटनेच्या लेखी ऑलिंपिक मोठं होतं. विश्वचषकाचं महत्त्व तिला उमगलंच नाही. त्या काळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनी नंतर हेच सांगितलं.

तेव्हा भारताचा खेळ काही हलका नव्हता. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बहुतेक अनवाणी खेळलेला आपला संघ फ्रान्सकडून अवघ्या 2-1 ने हरला. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या मैदानांवर नाव कमावलेल्या नेव्हिल डिसूझाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत चौथा आला. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रशिक्षक रहीम यांच्या संघाने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला 2-1 असं नमवून सुवर्णपदक आणलं. त्या संघाचे कर्णधार चुनी गोस्वामी आणि अंतिम सामन्यात गोल करणारे पी. के. बॅनर्जी, दोघेही कोलकात्याच्या मैदानाचे. दोघेही 2020 साली काही आठवड्यांच्या अंतराने गेले. त्यांना खेळताना पाहिलेली माणसं आता ओट्यांवर थोडीच उरली आहेत.

मग कोलकाता आपली हौस पाहुण्यांवर भागवतं. डिसेंबर 2008 मध्ये मॅराडोना आला, तेव्हा मध्यरात्र उलटून गेल्यावरही विमानतळाबाहेर माणसांचा समुद्र होता. 2 सप्टेंबर 2011 रोजी साल्ट लेक स्टेडियमवर अर्जेंटिना आणि व्हेनेझुएला यांचा मैत्रीपूर्ण सामना झाला. मेस्सीच्या कॉर्नरवर ओटामेंडीने एकमेव गोल केला आणि लोकांना मेस्सी खेळताना पाहायला मिळाला. ऑक्टोबर 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात भरला. गुवाहाटीचं मैदान पावसाने खराब झालं म्हणून ब्राझील-इंग्लंड उपांत्य सामना ऐनवेळी कोलकात्यात आणला गेला, तरी साठ हजारांहून जास्त प्रेक्षक जमले. अंतिम सामन्याला 66 हजारांवर. त्याच स्पर्धेत दिल्लीत जॅक्सन सिंग या मणिपूरच्या मुलाने कोलंबियाविरुद्ध गोल केला. फिफाच्या विश्वचषक स्पर्धेत भारताने केलेला तो पहिला गोल. सामना भारत हरला, पण ओट्यावर त्या गोलाची उजळणी कित्येक दिवस चालली होती.

पाहुण्यांवर भागवलेली हौस कधी अंगाशीही येते. 13 डिसेंबर 2025 रोजी मेस्सी पुन्हा साल्ट लेकला आला. खेळायला नव्हे, नुसतं दर्शन द्यायला. हजारो रुपयांची तिकिटं काढून आलेल्या लोकांना मान्यवर आणि आयोजकांच्या घोळक्यात तो धड दिसलाच नाही. थोड्याच वेळात तो निघून गेला. मैदानावर बाटल्या आणि खुर्च्या येऊन पडल्या, मोडतोड झाली, मुख्यमंत्र्यांना जाहीर माफी मागावी लागली. मोडतोडीचं समर्थन कुणीच करणार नाही. पण त्या दिवशी ओट्यावरच्या जुन्या माणसांनी जे म्हटलं असेल, त्याचा अंदाज बांधता येतो. दुसऱ्याच्या देवाला घरी बोलावून आपलं देऊळ उभं राहत नाही.

तसं घरचं अगदीच ओसाड नाही. 31 डिसेंबर 2024 रोजी हैदराबादेत बंगालच्या संघाने केरळला 1-0 असं हरवून संतोष करंडक 33 व्यांदा जिंकला. पण तो सामना पाहायला किती क्लबांनी टीव्ही बाहेर काढला? ब्राझीलच्या राखीव खेळाडूंची नावं पाठ असलेल्या किती पोरांना, गोल करणाऱ्या रॉबी हांसदाचं नाव ठाऊक होतं? रात्री दोनच्या प्रश्नाचं उत्तर थोडं या प्रश्नात दडलेलं आहे, आणि ओट्यावरच्या शहाण्यांना ते कळतं.

ओटे चालले

आणखी एक चिंता आहे, ती खुद्द ओट्याची. उत्तर कोलकात्यातली जुनी घरं एकामागून एक पडतात आणि त्या जागी पाच-पाच मजली इमारती उभ्या राहतात. इमारतीला फाटक असतं, रखवालदार असतो, मोटारी ठेवायला जागा असते. ओटा नसतो. उरलेल्या काही ओट्यांवर, कुणी बसू नये म्हणून लोखंडी गज लावलेले दिसतात. सामना आता ज्याच्या त्याच्या हातातल्या फोनवर दिसतो. एकाच्या फोनवर गोल आधी होतो, शेजारच्याच्या फोनवर अर्ध्या मिनिटाने. मग एकदम ओरडायचं कसं?

तरीही विश्वचषक आला, की माणसं बाहेर येतात. ओटा नसेल तर प्लॅस्टिकच्या खुर्च्या रस्त्यावर मांडतात, पडदा बांधतात. ऑगस्ट 2024 मध्ये एका तरुण महिला डॉक्टरच्या हत्येने शहर हादरलं, तेव्हा पोलिसांनी बंदोबस्ताच्या कारणावरून ड्युरँड कपची डर्बी रद्द केली. त्या दिवशी मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि महमेडन स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांचे चाहते आपापले झेंडे घेऊन साल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र उभे राहिले आणि न्याय मागू लागले. वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडलेली माणसं एकमेकांना किती नीट ओळखतात, हे त्या संध्याकाळी दिसलं.

फुटबॉलच्या गप्पांतून कोलकात्याला चषक मिळालेला नाही. शेजारी मात्र मिळाले आहेत. भारताचा संघ ज्या दिवशी विश्वचषकात उतरेल, त्या दिवशी या शहरात ब्राझीलचे आणि अर्जेंटिनाचे झेंडे घडी करून ट्रंकेत जातील. तोवर ते भिंतीवर राहणार, आणि रात्री दोनला कुणीतरी तोच प्रश्न पुन्हा विचारणार.

जायचं असेल तर

मुंबईहून गीतांजली एक्सप्रेस आणि पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेस हावड्याला जाते. जुन्या गल्ल्या पाहायच्या असतील, तर मेट्रोने शोभाबाजार किंवा श्यामबाजारला उतरावं आणि संध्याकाळी सहानंतर पायी फिरावं. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि महमेडन स्पोर्टिंगचे 'टेन्ट' एस्प्लनेडपासून चालत जाण्याच्या अंतरावर मैदानात आहेत. टेन्टच्या कँटीनमधला स्ट्यू आणि टोस्ट चुकवू नये. हावड्याहून हुगळी नदीखालून जाणारी मेट्रो थेट साल्ट लेक स्टेडियमच्या स्थानकावर सोडते. कोलकाता लीगचे सामने पावसाळ्याच्या दिवसांत असतात. विश्वचषकाच्या महिन्यात गेलात, तर एक करा. निघण्याआधीच आपला संघ ठरवून ठेवा. तिथे गेल्यावर पहिला प्रश्न तोच विचारला जाईल.